दुर्गामावशीच्या बेटावरच्या काठ्या

माझी मावशी दुर्गाबाई पूर्णा नदीतल्या बेटावर राहायची. नवरा गेल्यावर त्याची डांगराची, म्हणजे खरबुजाची, वाडी तिनं एकटीनं सांभाळली. उन्हाळा लागला की माय मला पंधरा दिवस तिच्याकडे धाडायची. तिथं सगळं आजीपणजीच्या काळचं. मडक्यात शिजलेल्या कण्या, दगडावर वाटलेलं तिखट, झोपायला वाळू. चार जुनी जांभळं होती, त्यांच्याखाली अकोल्याचं ऊनही नरमायचं.

बेटाची एक रीत होती. डोंग्यातून उतरलं की हातातली काठी वाळूत रोवायची, हात जोडायचे, मग वर चढायचं. नदीमायच्या मांडीवर काठी घेऊन कोणी बसत नाही.

मी आठ वर्षांची असेन. सातासमुद्रापार कुठं लढाई लागली म्हणे, अन् इकडं कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी अंगणंसुद्धा नांगरली. मावशीचा दीर खुशालराव अमरावतीला कापूस विकून परतला, तो करकरणारा जोडा अन् चांदीच्या मुठीची काठी घेऊनच. आता त्याला बेट हवं होतं.

"वयनी, जांभळं तोडतो अन् पऱ्हाटी लावतो. तू निघ इथून."

"भाऊजी, पावसाळ्यात अर्धं बेट बुडते. कापूस काय मासोळ्या वेचतीन?"

"उद्या माणसं घेऊन येतो. मंग हास."

दुसऱ्या दिवशी तो चार गडी घेऊन आला. नांगर पलीकडच्या काठावर उभा होता. मावशी मला घेऊन झाऊच्या झुडपात बसली. गडी आमच्याच गावचे. मारायला आले होते, पण उतरल्याबरोबर चौघांनी काठ्या वाळूत रोवल्या, हात जोडले अन् वर गेले. सवय ती! खुशालरावानं मात्र आपली रोवली नाही.

मावशीनं तीन काठ्या डोहात फेकल्या अन् चौथी घेऊन वर धावली. मी तिच्या मागं.

वर गड्यांनी झोपडी पाडली होती. खुशालराव जोड्यानं डांगरं फोडत होता. मावशीचा पहिला तडाखा जानराव नावाच्या गड्याच्या मनगटावर बसला. काडकन हाड मोडलं, तो गुरासारखा ओरडला. दुसरा एकाच्या कपाळावर, रक्त डोळ्यात उतरलं. तेवढ्यात खुशालरावानं तिचे केस धरून तिला वेलांवरून फरफटत नेलं अन् चांदीची मूठ तोंडावर हाणली. मावशीचे पुढचे तीन दात वाळूत पडले. मी किंचाळले. मावशी नाही. तिनं पडल्या पडल्या दोन्ही हातांनी काठी फिरवली, ती त्याच्या गुडघ्यावर. गुडघा उलटा वळलेला मी पाहिला. अजून डोळ्यांपुढून जात नाही.

"मारा तिले! पाहून काय राहिले?" तो वाळूत लोळत ओरडला.

डोंगेवाला पुंजाराम त्या गड्यांतलाच. त्यानं जागेवरूनच खालच्या रिकाम्या वाळूकडे बोट केलं. "कशानं मारू, मालक? आमच्या काठ्या नदीमायनं घेतल्या. तुमी काठी घेऊन वर काहून आले?"

त्यांनी खुशालरावाला उचललं, डोंग्यात टाकलं अन् नेलं. तो जन्मभर लंगडला, पण बेटाकडे पुन्हा फिरकला नाही. जांभळं राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेले, तर काठावर चांदीच्या मुठीची काठी रोवलेली. पुंजारामानं तिला डोंगा बांधला. मी हात जोडून वर गेले. मावशीनं डांगर कापून माझ्यापुढे ठेवलं.

"तू खा वं पोरी. मले कुस्करून दे, दात भाऊजीनं नेले."

अन् दात पडलेल्या तोंडानं अशी हसली, की रस हनुवटीवरून लुगड्यावर सांडला.