ओटीपीशिवाय उघडलेला रिपोर्ट

मी कमी बोलतो. घरात त्याला समजूतदारपणा म्हणतात. तसं ते नाही.

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत शाखा असलेल्या एका पॅथॉलॉजी लॅबची सिस्टीम मी सांभाळतो. ऑफिस साकीनाक्याला. रिपोर्टच्या प्रती आम्ही वेगवेगळ्या ठिकाणच्या मशीनवर ठेवतो; एक पडलं की दुसरं उत्तर देतं. ओटीपी तपासणारं मशीन मात्र एकटंच, आणि ते अधूनमधून गप्प बसायचं. मग काउंटरवर भांडणं, मला फोन. शेवटी मी ठरवलं, ते उत्तर देत नसेल तर ओटीपी न विचारताच रिपोर्ट दाखवायचा.

सिक्युरिटी बघणारी सहकारी भडकली. "अरे, वॉचमन झोपला म्हणून गेट उघडं टाकायचं? बंद ठेव ना!"

"मग तू जा काउंटरवर, खा शिव्या."

ती हसली. विषय संपला.

पुढे माझ्या धाकट्या बहिणीने आमच्याच लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त दिलं. लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल होत नव्हतं. सासरी तिने हिमोग्लोबिनची टेस्ट म्हणून सांगितलं होतं.

"दादा, कुणाला दिसणार नाही ना? ह्यांना मीच सांगेन, डॉक्टरांना भेटून."

"तुझ्या फोनवर ओटीपी येणार गं. त्याशिवाय उघडतच नाही."

हे बोलताना माझाच तो बदल मला आठवलासुद्धा नाही.

रिपोर्ट आला त्याच दुपारी ओटीपीचं मशीन पडलं. बाकी सगळं सुरळीत. ऑफिसच्या ग्रुपवर माझं कौतुक चाललं होतं, 'झकास, कुणाला पत्ताही लागला नाही!' तेव्हा तिच्या सासूबाई मालाडच्या शाखेत स्वतःचा शुगरचा रिपोर्ट घ्यायला उभ्या होत्या. सुनेचं रक्त फार कमी तर नाही ना, ह्या काळजीने त्यांनी तिचाही मोबाइल नंबर सांगितला. ओटीपी कुणी विचारलाच नाही, काउंटरवरून कागद हातात आला. खाली शेरा होता, गर्भ राहण्याची शक्यता फार कमी.

नवऱ्याला ते आईकडून कळलं. "माझ्यापासून लपवलंस," एवढंच तो धरून बसला. मूल नसणं त्याने कदाचित सोसलं असतं.

आता ती आमच्याकडे घाटकोपरला असते. तो बदल मी दुसऱ्याच दिवशी गुपचूप काढून टाकला. "माझाच फोन उघडा राहिला असेल रे, त्यातूनच सासूबाईंना ओटीपी मिळाला असेल," असं ती म्हणायची आणि मी मान हलवायचो. त्या मान हलवण्याचं काय करू, मला कळत नाही.

परवा ती फोनला नवा पासवर्ड लावून घ्यायला आली, तेव्हा सांगून टाकलं. सगळं.

"म्हणजे त्या दिवशी तुमचं बंद पडलं होतं?"

"तेवढंच. बाकी मी चालू ठेवलं."

"पडू द्यायचं होतंस ना सगळं. सासूबाई रिकाम्या हाताने परत आल्या असत्या. संध्याकाळी डॉक्टर होते. रात्री मी ह्यांना सांगणार होते."

फोन माझ्या हातात तसाच होता. तिने तो काढून घेतला आणि स्क्रीन माझ्यापासून वळवून पासवर्ड स्वतःच टाकला.