हे लिहू नको

लग्नानंतरच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत मी माझ्या यजमानांशी जेवढं बोलले, त्याहून जास्त दारावरच्या भाजीवालीशी बोलले असेन. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, रीतच तशी होती. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं तीन खोल्यांचं भाड्याचं घर. त्यात सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ, त्यांची पोरं, धाकटा दीर आणि आम्ही दोघं. दिवसा चारचौघांच्या देखत नवऱ्याशी बोलणं म्हणजे निलाजरेपणा. आणि रात्रीचं म्हणाल, तर सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. वर्षातले कितीतरी महिने पुरुषमाणसं वर माळवदावर निजायची आणि आम्ही बायका खाली, वारा कुठून येतो ते हुडकत. मला त्यांच्या खोकण्यावरून कळायचं की ते अजून जागे आहेत. एवढाच काय तो आमचा संसार.

यजमान एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते, आणि दर शनिवारी संध्याकाळी बंधुमंडळात जायचे. हे मंडळ म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या काळी साहेब लोकांचं, फ्रीमेसन बंधूंचं, एक लॉज होतं. लोक त्याला जादूघर म्हणत आणि त्याच्या समोरून जाताना पोरांचे हात घट्ट धरत. तिथं कधीकाळी कारकुनी केलेले एक हेडक्लार्क होते. त्यांना वाटलं, साहेबांनी एकमेकांना बंधू म्हणावं आणि आपण काय पाप केलंय? त्यांनी कारकून, दुकानदार, मागावरचे विणकर असे लोक गोळा केले आणि एका धान्याच्या दुकानावरची माडी भाड्यानं घेतली. बंधू आजारी पडला तर दोघादोघांनी आळीपाळीनं त्याच्या उशाशी बसायचं. कुणी गेला तर खांदा द्यायचा. गड्ड्याच्या जत्रेत पिवळी फीत लावून चुकलेली पोरं आईबापांपाशी पोचवायची. आणि ह्या सगळ्याची नोंद ठेवायची. ‘नोंद नाही, ते घडलं नाही,’ असं हेडक्लार्क उठता-बसता म्हणत. जादूघरातून त्यांनी दोन गोष्टी मात्र जशाच्या तशा उचलल्या होत्या. एक, माडीवरची गोष्ट बाहेर न सांगण्याची शपथ. दुसरी, बाईमाणसानं जिना चढायचा नाही.

यजमान मॅट्रिक होते आणि त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे, म्हणून बंधूंनी त्यांना चिटणीस केलं. पहिल्या सभेचं इतिवृत्त ते रविवारी दुपारी लिहायला बसले. बोटं शाईनं माखली, कागद फाटले, आणि अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला आणि मांजराचे कुत्र्याला. सासरे अडत दुकानात मापाडी होते. त्यांची अक्षरओळख बेताचीच, पण वाईट काम ओळखायला ती लागत नाही.

“आरं, हे काय किडं-मुंग्या मारून ठिवल्यात?” ते म्हणाले. “घरात मास्तराची ल्येक हाय की. तिच्याकडनं लिवून घे.”

यजमान चाचरले. “आबा, मंडळाची शपथ हाय. भायेरच्याला सांगायचं न्हाय.”

“मग ही भायेरची हाय व्हय?”

मी चुलीपाशी होते. सासरची माणसं कुंभारी गावची, आणि मी अक्कलकोटची, मास्तरांची, बोलता बोलता कानडीत घसरणारी. तोवर मी त्या घरात बाहेरचीच होते. जाऊबाई तर माझ्या भाकरीलासुद्धा कानडी वास येतो म्हणायच्या. सासऱ्यांच्या त्या एका प्रश्नानं मी आत आले. त्या माणसाचं ऋण मी आजही मानते.

तेव्हापासून रविवारची दुपार आमची झाली. जेवणं उरकली, घर पेंगुळलं की सासूबाई बैठं मेज खिडकीशी सरकवून द्यायच्या आणि स्वतः दाराबाहेर उंबऱ्याला पाठ लावून शेंगा फोडत बसायच्या. पोरं आत घुसायला लागली की त्यांचा आवाज यायचा, “कुटं चाललासा? आत मंडळाचं लिवणं हाय. गप बसा हितं.”

आत मी टाक दौतीत बुडवायची आणि यजमान सांगायला लागायचे. सभेत ते अक्षरही टिपून घेत नसत. सगळं डोक्यात भरून घरी आणत आणि माझ्यापुढे ओतत. वहीत जायचं ते चार ओळींचं: ‘बंधूंनी आजारी बंधूंच्या घरी तूप पोचवले. मंडळ आभारी आहे.’ मग ते जरा पुढे झुकायचे, दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, “हे लिहू नको हं.” आणि खरी मजा तिथून सुरू व्हायची. तूप देणाऱ्या किराणावाल्या बंधूंनी प्रत्येक सभेत, तुपाचा डबा परत मिळाला नाही, हा विषय कसा काढला. हेडक्लार्क ठराव मांडता मांडता कसे झोपले आणि जागे होऊन त्याच ठरावाला कसा विरोध केला. एक विणकर बंधू, घरात तेलुगू बोलणारे, मराठीत रागवायला गेले की शब्द सापडत नाहीत म्हणून कसे मुकाट खाली बसतात. मी पदर तोंडात कोंबून हसायची. हसायचा आवाज बाहेर गेला तर मंडळात एवढं हसण्यासारखं काय आहे, असं कुणीतरी विचारलं असतं.

हळूहळू ‘हे लिहू नको’मध्ये मंडळ कमी आणि आम्हीच जास्त यायला लागलो. साहेब त्यांना काय लागेल असं बोलला. त्यांना पोस्टात नोकरी करायची होती आणि ती का मिळाली नाही. लहानपणी कुंभारीला विहिरीत पडले तेव्हा काय वाटलं. मीही सांगायची, अक्कलकोटचं, वडिलांचं, मला पुढं शिकायचं होतं त्याचं. दुसऱ्या बायकांना नवऱ्याकडून पाटल्या मिळाल्या असतील, मला दुपार मिळाली. कोल्हा काकडीला राजी म्हणतात तसं म्हणा हवं तर. पण ती काकडी फार गोड होती.

एकदा गड्ड्यावर सासूबाईंबरोबर गेले, तर पिवळ्या फिती लावलेले बंधू दिसले. एकालाही मी आधी पाहिलं नव्हतं आणि सगळ्यांना ओळखलं. किराणावाल्या बंधूंना बघून तर ओठांवर आलं होतं, ‘मिळाला का डबा?’ सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि दंड धरून मला पाळण्यांकडे ओढत नेलं. तीस साली गावात गोळीबार होऊन मार्शल लॉ लागला आणि सभा बंद पडल्या, तेव्हा सगळं गाव सुतकात होतं. मीही होतेच, पण त्यात माझ्या दुपारींचं सुतक वेगळं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

सभा पुन्हा सुरू झाल्या, पुढं वर्षभर चालल्या, आणि मग ते घडलं. त्या शनिवारी दोन बंधूंची जुंपली. एकानं दुसऱ्याला काहीतरी वाईट बोलून टाकलं. हेडक्लार्क “असू द्या, असू द्या” म्हणत होते. यजमान नेहमीसारखे समोर कोरी वही घेऊन सगळं डोक्यात साठवत होते. आणि साठवता साठवता, खिडकीकडे तोंड करून, अगदी रविवारच्या आवाजात ते मोठ्यानं म्हणाले, “हे लिहू नको हं.”

मग कुणीतरी विचारलं, “चिटणीस, कुणाला सांगताय?”

दुसरा कुणी असता तर काहीतरी थाप मारून मोकळा झाला असता. माझ्या नवऱ्याला थाप मारता येत नव्हती. त्यांनी सांगून टाकलं. अर्धे लोक हसले. विणकर बंधू म्हणाले, “अक्षर चांगलं हाय की, मग कुणाचं बी असंना.” पण हेडक्लार्कांचा चेहरा उतरला. त्यांनी आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाले, यापुढे चिटणिसानं इतिवृत्त माडीवरच, सगळ्यांसमोर लिहून सही घ्यावी. म्हणजे यजमानांचं पद गेलंच. शाळेत शिकवणाऱ्या एका बंधूंना चिटणीस केलं आणि वह्या त्यांच्याकडे गेल्या.

देव देतो आणि कर्म नेतं. पुढच्या रविवारी यजमान कट्ट्यावर पुरुषांत जाऊन बसले, मी ज्वारी निवडत बसले. काम नाही तर एकत्र बसायचं कशाच्या नावानं? त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. एका घरात राहून मला त्यांची इतकी आठवण यायची की सुपातले खडे दिसायचे नाहीत. तोवर सासरेही वारले होते. कुणाकडे दाद मागायची? यजमान पाणी प्यायला आत यायचे, माझ्याकडे बघायचे, तांब्या ठेवून निघून जायचे. त्यांच्या पोटात आठवड्याभराचं साठलंय हे मला दिसत होतं आणि मला ते हवं होतं, सगळंच्या सगळं.

मग एका रविवारी सासूबाईंनी मेज काढलं. पदरानं पुसलं, खिडकीशी सरकवलं आणि कट्ट्यावरून लेकाला हाक मारली.

“आरं, मंडळाचं लिवणं ऱ्हायलं न्हवं?”

“आई, ते आता दुसऱ्याकडं गेलं.”

“मला काय कळतंय त्यातलं,” त्या म्हणाल्या. “तुमी बसा. मी हितं दारात हाय.”

गड्ड्यावर माझा दंड धरणाऱ्या बाईला सगळं कळत होतं. इतकी वर्षं मी समजत होते की सासूबाई पोरांना हाकलतात ते मंडळासाठी. आम्ही बसलो. मेजावर ना वही, ना दौत. आता लिहायचं असं काही उरलंच नव्हतं, म्हणून ते सगळंच सांगायला मोकळे झाले. तरी सुरुवात सवयीनं तशीच करायचे, “हे लिहू नको हं,” आणि मी रिकामे हात दाखवायची. माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षं. परत द्या म्हणून कुणाकडे मागता आली असती, तर मी त्या माडीचा जिनासुद्धा चढले असते.

एका पावसाळ्याच्या अखेरीला त्यांना मुदतीचा ताप आला. उतरला, आणि पुन्हा उलटला. पहिल्याच संध्याकाळी दोन बंधू दारात उभे राहिले, आणि मग आळीपाळीनं येतच राहिले. खोटं कशाला बोलू, सख्ख्या भावांनी केलं नसतं असं त्यांनी केलं. विणकर बंधू तास न् तास तळपाय चोळत. किराणावाले साबुदाणा घेऊन आले आणि डब्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मास्तर चिटणीस वहीत नोंद करत: कोण किती वाजता आला, किती वाजता गेला. हेडक्लार्कही आले, काठी टेकत, आणि उशाशी बसले.

पण बंधू आत बसले की मी दाराआड. घरात परके पुरुष, मी सून. पाणी तापवून उंबऱ्यावर ठेवायचं, ते उचलणार. कपाळावरची पट्टी ते बदलणार. माझ्या माणसाचं कण्हणं मी भिंतीपलीकडून ऐकायची, माळवदावरचा खोकला ऐकायची तशी. ज्यांनी मला जिना चढू दिला नव्हता, त्यांच्या सेवेपायी आता माझ्याच घरातला उंबरा मला ओलांडता येत नव्हता. त्यांना दोष तरी काय देणार? मला मात्र भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. यजमान जातील आणि माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं झालेलं नसेल.

रविवार आला. जेवणं झाली. आत चार-पाच बंधू बसले होते. सासूबाई मेज उचलून घेऊन आल्या, तडक आत गेल्या आणि ते लेकाच्या अंथरुणाशी ठेवलं.

“जरा भायेर बसता का समदी?” त्या म्हणाल्या. “आत मंडळाचं लिवणं हाय.”

मंडळाची वही मास्तर चिटणिसांच्या मांडीवर होती, हे सगळ्यांना दिसत होतं. हेडक्लार्कांनी मेजाकडे पाहिलं. मग दाराच्या फटीतून दिसणाऱ्या माझ्या लुगड्याकडे पाहिलं. ते काठी टेकून उठले, तसे बाकीचेही उठले. मास्तर चिटणीस गोंधळले.

“मग इथं तासभर कुणीच नव्हतं असं दिसेल नोंदीत,” ते म्हणाले. “काय लिहू?”

हेडक्लार्क दारात वहाणा घालत होते. त्यांनी मागं वळून बघितलंही नाही.

“हे लिहू नका,” ते म्हणाले.

आत यजमानांच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं. हेडक्लार्कांचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. मी त्यांच्या उशाशी बसले, हात हातात घेतला. हात भाजत होता. कितीतरी दिवसांत ते माडीवर गेले नव्हते, सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. ते म्हणाले, “आज तू सांग.”

काय सांगू? मी सांगितलं, किराणावाले चहात साखर किती घेतात. सांगितलं, विणकर बंधू जाताना मला त्यांच्या तेलुगूत ‘वदिना’, वहिनी, म्हणाले आणि मला ते फार आवडलं. सांगितलं, जाऊबाई काल चुलीपाशी तुमच्यासाठी रडल्या आणि वर मला म्हणाल्या, धूर लागला. सांगितलं, मला तुम्ही हवे आहात. ते डोळे मिटून ऐकत होते, मधूनच बोट दाबत होते. दाराबाहेर शेंगा फोडल्याचा आवाज येत होता. बंधू कट्ट्यावर गुपचूप बसले होते. पोरं आत यायला लागली तर त्यांना आता हेडक्लार्कच अडवत होते.

ते गुरुवारी गेले. बंधूंनी खांदा दिला, मंडळात दुखवट्याचा ठराव झाला, तो सुंदर अक्षरात लिहून घरी आला. त्यात होतं ते सगळं खरं होतं.

त्यानंतरच्या रविवारी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी मेज पुसलं, खिडकीशी सरकवलं, मला हाताला धरून त्याच्यापाशी बसवलं, आणि स्वतः दारात जाऊन बसल्या.