मुंग्यांनी खाल्लेल्या बातम्या

अँटेना फिरवणं हे ऐंशीच्या दशकातल्या डोंबिवलीत पुरुषांचं काम होतं आणि खालून ओरडणं बायकापोरांचं. जरा वारा सुटला किंवा एखादा जाडजूड कावळा येऊन बसला, की गच्चीवरच्या नळ्या वळायच्या आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कुणाचा तरी नवरा लुंगी खोचून वर जायचा आणि खालून सुरू व्हायचं, "आलं, आलं. अहो, गेलं. परत मागे घ्या." मानपाडा रोडवरच्या आमच्या चार मजली सोसायटीत रविवारी सकाळी एवढा गलका असायचा की भाजीवाल्यालाही आवाज चढवावा लागे.

आमच्या घरातून मात्र एक शब्द बाहेर पडत नसे. माझे यजमान गच्चीच्या कठड्यावरून वाकायचे आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वन्सं उभ्या असायच्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, घरी बसून ब्लाउज शिवायच्या, आणि त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आत टीव्हीकडे एक नजर टाकून त्या वर खूण करायच्या. किंचित डावीकडे. थांब. केसभर मागे. बस. शिलाईतला वाकडा टाका लांबून पकडणारी नजर ती, तिला अर्धवट चित्र कसं चालेल? सगळ्या बिल्डिंगमध्ये आमचं चित्र सर्वांत आधी यायचं आणि सर्वांत स्वच्छ असायचं.

शेजारपाजारचे त्यांना 'मुकी' म्हणायचे. मला त्या शब्दाची तेव्हाही चीड होती. वन्संच्या मैत्रिणी घरी आल्या की हातांनी जो कल्ला चालायचा, तो या लोकांनी एकदा बसून बघायला हवा होता. त्या मंडळींत प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव असतं आणि ते एकदा पडलं की सहसा सुटत नाही. नाव तुमच्या दिसण्यावरून पडतं नाहीतर वागण्यावरून, तुमची परवानगी कुणी विचारत नाही. माझ्या यजमानांचं नाव होतं भांग पाडणं. माझं नाव दोन भुवयांच्या मध्ये बोट टेकवणं, म्हणजे आठी. मी थोडी रुसले होते, पण आरशात पाहिल्यावर मुकाट्याने स्वीकारलं. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या कमरेला गच्चीच्या आणि पंपाच्या किल्ल्यांचा जुडगा लटकलेला असायचा, म्हणून त्याचं नाव कमरेपाशी किल्ल्या हलवणं.

पुढे सरकारी वाहिनीवर रविवारी दुपारी हातांच्या भाषेतल्या बातम्या सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा, तेही जेमतेम भाताचा कुकर होईल एवढा वेळ. आपल्याला बातम्या दिवसभर कानावर पडत असतात. रेडिओवर, भाजी घेताना, शेजारणीच्या फोनवर. वन्संना जग कळायचं ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून, आणि पेपर वाचून मनात आलेलं बोलायला समोर कुणी नसायचं. त्यामुळे तो रविवार म्हणजे आमच्या घरी सणच. एक मैत्रीण कोपरहून यायची, एक कल्याणहून आणि एक पार टिटवाळ्याहून, कारण तिच्याकडे चित्रच धड येत नसे. कोपरची मैत्रीण नवऱ्यालाही घेऊन यायची, तोही त्यांच्यातलाच.

त्या वेळेचे नियम कडक होते. पडद्यासमोरून कुणी जायचं नाही. गॅलरीचा पडदा ओढून घ्यायचा. टीव्हीचा आवाज वन्सं स्वतः गोल बटण फिरवून पार बंद करायच्या, कारण आवाज असला की माझं लक्ष बोटांवरून उडतं हे त्यांना कळलं होतं. पोहे बातम्या संपल्यावर द्यायचे, कारण हातात बशी असली तर माणूस बोलणार कशाने? शेवटी पोहे गार व्हायचेच. मी कुरकुर करायची आणि वन्सं माझ्याकडे बघून भुवयांच्या मध्ये बोट टेकवायच्या.

नव्वदीच्या शेवटाकडे गच्चीवर मोबाइलचा टॉवर आला. त्याचं भाडं येणार, त्यात बिल्डिंगला रंग लागणार, असं ठरलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही. तोवर बहुतेक घरांत केबल आलेली होती, अँटेना वापरणारी आम्ही दोन-तीनच घरं उरलो होतो. टॉवरच्या माणसांनी आमचे अँटेना उपटून पाण्याच्या टाकीमागे नेऊन बांधले. त्या दिवसापासून चित्रात मुंग्या आल्या आणि हलेनात. यजमानांनी अँटेना फिरवून पाहिला, वायर बदलली, बूस्टर बसवला. बूस्टरने तर मुंग्यांच्या जोडीला तिरक्या रेघांची जाळीही आणली. दोष टाकीचा होता, त्या लोखंडी सांगाड्याचा होता की त्याच्या लहरींचा, ते मला आजही माहीत नाही. टॉवर कंपनीच्या माणसाने "आमची फ्रिक्वेन्सीच वेगळी" एवढं सांगून हात झटकले.

गंमत अशी की आवाज स्वच्छ येत होता. चित्र मुंग्यांनी खाल्लेलं, पण निवेदिकेचा शब्दन्‌शब्द खणखणीत. कान असलेल्या माणसाला त्यात अडचण काहीच नाही, तो पोळ्या लाटतालाटता बातम्या ऐकेल. पण ज्यांच्या बातम्या बोटांत होत्या, त्यांची बोटंच दिसेनाशी झाली. हात वर जाताना दिसायचा, पण तीन बोटं उघडली की चार, अंगठा आत की बाहेर, काही कळत नव्हतं. त्या भाषेत अंगठा इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलतो. पाचही जणं पुढे सरकून सरकून टीव्हीला नाक लावून बसायची आणि मग एकमेकांना विचारायची, काय म्हणाली?

मी सेक्रेटरीकडे गेले. तो आमच्या दारापर्यंत आला, चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि कान देऊन म्हणाला, "वहिनी, आवाज तर क्लिअर आहे की. उगाच कशाला टेन्शन घेता?"

"आवाज नको आहे हो. चित्र बघा."

"मग केबल घ्या ना. सगळ्यांनी घेतलेली."

केबलवाल्याला विचारून झालं होतं. रविवारी दुपारी त्या चॅनलच्या जागी तो स्वतः पिक्चर लावायचा. "पब्लिक डिमांड आहे," असं त्याने मला सांगितलं होतं. हे मी सेक्रेटरीच्या कानावर घातलं. त्याने खांदे उडवले आणि जिना उतरताउतरता म्हणाला, "नाहीतरी ताईंना ऐकायला कुठे येतं? त्यांना टीव्ही चालू काय नि बंद काय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. वन्सं माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, किल्ल्या काय म्हणाला? मी सांगितलं, बघतो म्हणाला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं खोटं त्यांना लगेच कळायचं.

त्यानंतर मी सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये तोच विषय काढला. मागणी एवढीच होती की आमचा अँटेना टाकीमागून काढून पूर्वीच्या कोपऱ्यात लावू द्या. तो कोपरा आता टॉवरवाल्यांचा आहे, हे उत्तर ठरलेलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी उपाय वन्संनीच काढला. त्यांना इथे बोलाव, त्या म्हणाल्या, रविवारी, आमच्याबरोबर बसून बघू देत. डोळे आहेत ना त्यांना?

सेक्रेटरी आला आणि सोबत चेअरमन आले. चेअरमन निवृत्त शिक्षक, शुद्ध बोलणारे, मी त्यांच्यावर भिस्त ठेवून होते. दोघांना पुढच्या खुर्च्या दिल्या. बाकी मंडळी सतरंजीवर. वन्संनी गॅलरीचा पडदा ओढला, टीव्ही लावला आणि नेहमीसारखं बटण फिरवून आवाज बंद केला. बातम्या सुरू झाल्या. मुंग्यांच्या वारुळात एक बाई हात हलवत होती.

पाहुण्यांनी आधी जरा वेळ शहाण्यासारखं पाहिलं. मग सेक्रेटरीचा गुडघा हलायला लागला. त्याने चेअरमनकडे पाहिलं, चेअरमननी घड्याळाकडे. मला मनातून आनंद होत होता. म्हटलं, आता कळतंय, आता याच्या लक्षात येतंय की काहीच समजत नाही म्हणजे काय. वन्संही टीव्हीकडे बघत नव्हत्या, त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

सेक्रेटरी उठला, टीव्हीपाशी गेला आणि त्याने गोल बटण फिरवून आवाज वाढवला. खोलीभर निवेदिकेचा आवाज भरला, स्पष्ट, ठसठशीत. तो खुर्चीत परत येऊन बसला, पाय पसरले आणि म्हणाला, "हां, आता बघा. काही प्रॉब्लेम नाही."

"ध्वनी उत्तम आहे," चेअरमन म्हणाले. "मग नेमकी अडचण कोणती?"

सतरंजीवरची पाचही जणं माझ्याकडे बघत होती. त्याने उठून काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं, पण त्याने काय झालं ते कळण्याचा मार्ग त्यांच्याकडे नव्हता. टिटवाळ्याच्या मैत्रिणीने पडद्याकडे नीट निरखून पाहिलं, चित्र सुधारलं का ते बघायला. मग तिने मला खुणेने विचारलं. मला तिला सांगावं लागलं की त्याने आवाज मोठा केला. त्या क्षणाला मला जी लाज वाटली ती त्या दोघांच्या वाट्याची होती, पण त्यांना ती वाटत नव्हती म्हणून मला वाटली.

"कुणासाठी मोठा केलात?" मी विचारलं.

"सवय हो, वहिनी," सेक्रेटरी म्हणाला. "तसं म्यूटवर काय कळणार?"

वन्सं उठल्या. त्यांनी आवाजाच्या बटणाला हात लावला नाही, टीव्हीच बंद केला आणि त्याच्यावर भरतकामाचं झाकण घातलं. मग सगळ्यांना पोहे दिले, त्या दोघांनाही. पोहे त्या दिवशी पहिल्यांदाच गरम खाल्ले गेले. कुणाचेही हात बोलत नव्हते.

कमिटीने अँटेना हलवला नाही. बिल्डिंगला रंग लागला, पिस्ता कलरचा. वन्संच्या मंडळींनी मुक्काम टिटवाळ्याला हलवला, तिथे तोवर टॉवर पोचला नव्हता. मैत्रिणीच्या भावाने छपरावर भलामोठा बांबू उभा केला आणि वन्संनी अंगणात उभं राहून, खुणा करकरून, त्याच्याकडून अँटेना लावून घेतला. चित्र फिकं होतं, पण बोटं मोजता यायची. मुंबईहून निघालेल्या बातम्या आमच्या डोक्यावरून टिटवाळ्याला जात होत्या आणि वन्सं दर रविवारी डबा घेऊन त्या आणायला तिथे जात होत्या. आमच्याकडे त्या वेळी सेक्रेटरी जिन्यात उभा राहून नव्या मोबाइलवर "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" म्हणून ओरडत असायचा.

आता लोक मला सांगतात की त्याच टॉवरच्या कृपेने तुमच्या वन्सं व्हिडिओवर मैत्रिणींशी बोलतात. खरं आहे. टॉवरवर माझा राग नाही, तो बिचारा लोखंडाचा आहे.

परवाच त्या टिटवाळ्याच्या मैत्रिणीशी बोलत होत्या. मी मागून चहा घेऊन गेले तर वन्संचा अंगठा आणि दोन बोटं हवेत एक बटण फिरवत होती. सेक्रेटरीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं, नजर अधू झाली, हे त्या तिला सांगत होत्या. त्या रविवारपासून कोपर ते टिटवाळा सगळ्या मंडळींत त्याचं नाव तेच आहे. किल्ल्या केव्हाच गेल्या. त्याला हे माहीत नाही, आणि त्याला सांगावं असं मला एकदाही वाटलेलं नाही.