तेलाचे हात

माझ्या वडिलांनी कामगारांच्या लढ्यात आपलं रक्त सांडलं. भांडुपला आमच्या वस्तीच्या वाचनालयात त्यांची तसबीर आहे, तिच्याखाली असंच लिहिलेलं आहे. वाक्य मीच करून दिलं, आणि त्यात खोटा शब्द एकही नाही. ते रक्त कोणी काढलं, एवढंच तिथे नाही. ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या वस्तीतले नाही, म्हणून असेल.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. मुलुंडच्या एका कारखान्यात लेथवर उभं राहून, लोखंड गोल कातत त्यांनी उमर काढली आणि निवृत्त झाले. थोर म्हणावं असं काही केलं नाही. कामावरून यायचे, आधी रॉकेलने आणि मग साबणाने हात धुवायचे आणि आईशेजारी पोळ्या लाटायला बसायचे. शेजारचे पुरुष हसत. भाऊ म्हणत, "गोल काम आहे, आपल्याला जमतं." आम्हा भावंडांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. हे सांगायलाच हवं का? हवं — पुढचं कळायला हवं.

त्यांच्या जागी कंपनीने मला लावून घेतलं. तेव्हा तशी पद्धत होती. मी बी.ए. झालेला, चार पुस्तकं वाचलेला. मला लेथवर कोण उभं करणार? स्टोअरमध्ये बसवलं. ऐंशीच्या दशकातल्या त्या संपात युनियनची पत्रकं मी लिहू लागलो आणि पोरं मला मास्तर म्हणू लागली. एका पत्रकात मी लिहिलं, 'जो फाटकाच्या आत पाऊल टाकेल, तो सख्खा बाप असला तरी फितूर.' फाटकावर ते वाचून दाखवलं तेव्हा शिट्ट्या पडल्या. भाऊंनीही वाचलं. म्हणाले, "छपाई स्वच्छ आहे."

संप चिघळला. कामावर जाणाऱ्या एका फिटरचं डोकं आमच्या लोकांनी सायकलच्या चेनने फोडलं. मालकाच्या माणसांनी आमच्या एकाचा गुडघा फोडला. अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रं पुसून त्यांना कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. निवृत्त झाल्यावरही भाऊ दर वर्षी जाऊन आपल्या लेथची पूजा करून येत. त्या वर्षी मालकाने पूजेपुरता कारखाना उघडला आणि आम्ही पूजेवर बहिष्कार घातला.

सकाळी भाऊंनी पिशवीत नारळ घालता घालता विचारलं, "जाऊ ना रे? संप माणसांचा आहे, यंत्राचा नाही."

"जा," मी म्हणालो. "पोरांना मी सांगून ठेवतो."

सांगितलं नाही. विसरलो? नाही. पोरं जमली होती, मी बोलायला उभा होतो, आणि बापासाठी सवलत मागायची मला लाज वाटली. पण एवढंच असतं तर कधीच सांगून मोकळा झालो असतो.

पुढचं फाटक अजून उघडलं नव्हतं, म्हणून ओळखीच्या वॉचमनने भाऊंना मागच्या बाजूने आत घेतलं. पूजा उरकून ते पुढच्या फाटकाने, आमच्यासमोरच, बाहेर आले. त्यांना ओळखणारे जुने लोक संपामुळे गावी गेलेले. राहिली होती ती नवी पोरं. बबन नावाच्या एकाने त्यांचं मनगट धरलं.

"हाताला तेल बघ रे. ताजं आहे. म्हातारा मशीन चालवून आलाय."

"चालवलं नाही रे बाळा," भाऊ म्हणाले. "नुसतं पुसून तेल दिलं. बंद राहिलं की गंज धरतो."

"मालकाला पण तेल लावून आलास काय?" सगळे हसले. मग बबन माझ्याकडे वळला. "मास्तर, ह्याला ओळखता?"

भाऊंनीही माझ्याकडे पाहिलं. ते घाबरले नव्हते. मी सांगून ठेवलंय, अशीच त्यांची समजूत होती ना?

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. घेतलं नाही.

पहिला फटका तोंडावर बसला. ओठ फाटला, पुढचे दात गेले. बबनने त्यांचा उजवा पंजा फाटकाच्या लोखंडी रुळावर दाबून धरला आणि दुसऱ्याने त्यावर पाइप घातला — पुन्हा घातला. भाऊ एकदाच ओरडले. पडले तशा लाथा सुरू झाल्या. न मारणारा मी एकटा उरलो होतो, आणि ते दिसत होतं.

"मास्तर, नुसतं लिहिताच का?" कोणीतरी म्हणालं.

मी मारली. बरगडीवर. हळू मारली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. हळू नव्हती. पायात बूट होते. घरातल्या सगळ्यांच्या बुटांना दर रविवारी भाऊच पॉलिश करत. त्यांचं तोंड माझ्याच बाजूला होतं. एक डोळा रक्ताने मिटला होता, दुसरा उघडा होता.

इस्पितळात पोलिसांना त्यांनी सांगितलं, मालकाची माणसं होती, चेहरे पाहिले नाहीत. मी पोचायच्या आत आईलाही तेच सांगून झालं होतं. दुसऱ्या दिवशी युनियनने निषेधाची सभा घेतली. म्हातारा कोण होता ते तोवर बबनला कळलं होतं; त्यांच्या नावाच्या घोषणा त्यानेच दिल्या, पत्रक मी लिहिलं. भाऊ पुढे पाच-सहा वर्षं जगले आणि काविळीने गेले. तेवढ्या काळात त्यांनी मला काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. जेवताना आम्ही शेजारी बसत असू.

उजव्या हाताची बोटं पुन्हा वळली नाहीत. डाव्या हाताने घास घेणं आईला बरं वाटेना, म्हणून मी त्यांना स्टेशनजवळून एक चमचा आणून दिला. त्यांनी तो हातात तोलून पाहिला, "वजनाला चांगला आहे," म्हणाले.

तो हल्ली साखरेच्या डब्यात असतो.