साबणाखालचा बाण

कपडे धुवायच्या साबणाचा वास आला की अजून मला एक दगड आठवतो.

नव्वदच्या दशकात राजाजीनगरच्या पलीकडे नवं गटार बांधायचं होतं. त्याचा उतार ज्या जुन्या सर्व्हेच्या दगडावरून मोजायचा, तो दगडच सापडत नव्हता. पहार, फावडं, टेप, सगळं जवळ होतं. कागदावर 'विहिरीपासून पूर्वेला चाळीस फूट' अशी नोंद होती. माझे वरिष्ठ अण्णा आणि मी सकाळपासून तिथे खणत होतो, आणि संध्याकाळी आकडे द्यायचे होते.

बऱ्याच अंतरावर नळाशी एक बाई धुणं धूत होती. तिने चादर उचलली आणि फेसाखाली, दगडावर कोरलेला सर्व्हेच्या खुणेचा बाण मला दिसला.

"अक्का, हा दगड पहिल्यापासून इथेच आहे?" मी कन्नडमध्ये विचारलं.

तिने ओल्या हातांनी दगड घट्ट धरला. "सासूच्या वेळेपासून इथेच आहे. नेऊ नका."

"सापडला एकदाचा. सरी, ठीक आहे, लाव लेव्हलची दुर्बीण," अण्णा दमून म्हणाले.

मी दगडावर हात टेकला. तो स्वल्प हलला. जमिनीत रोवलेला दगड हलत नाही. हलतो तो कुणीतरी उचलून आणलेला, आणि त्यावरून मोजलेला उतार चुकणार. टेप माझ्या खांद्यावरच होती. विहिरीपासूनचं अंतर न मोजताच मी लेव्हल लावली.

बाई खोटं बोलली, असं कित्येक वर्षं मनाला सांगितलं. तिला तर फक्त धुण्याचा दगड जाईल याची भीती होती. अजूनही मोठा पाऊस झाला की मी वाट वाकडी करून त्या नळाच्या गल्लीत जातो, आणि गटाराचं पाणी कुठे वाहतंय ते बघत उभा राहतो.