सहा छड्या किंवा आठ आणे

तारीख जानेवारी १९४४ मधली, वार मंगळवार, वेळ दुपारी अडीच. रक्कम आठ आणे. हजर माणसं चार: मुलाचे वर्गमास्तर, शाळेचा शिपाई, माझा मुलगा आणि मी.

मुलगा तेव्हा इंग्रजी चौथीत होता. शाळा बुडवून कोल्हारच्या जत्रेत कुस्त्या बघायला गेला आणि सापडला. हायस्कुलाचा नियम असा, की सहा छड्या खाव्यात किंवा आठ आणे दंड भरावा. दंड भरायचा तर बापाने स्वतः यायचं. मी कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो.

मुलाचं शाळेत नाव घालताना इतर बाप मास्तरांना म्हणत, "हाडं आमची, कातडं तुमचं." मी तसं म्हटलं नव्हतं. "हाडंही आमची आणि कातडंही आमचंच. दंड लावा, मी भरीन," असं सांगितलं होतं. मुलावर मी कधी हात उगारला नव्हता आणि याचा मला अभिमान होता.

मी आठ आण्यांची अधेली टेबलावर ठेवली.

मास्तरांनी मुलाकडे पाहिलं. "वडील दंड भरताहेत. तुझं काय?"

"सर, मी छड्या घेतो," मुलगा म्हणाला. माझ्याकडे न बघता त्याने हात पुढे केला.

मी मोजत होतो. पाचवी बसली आणि छडी मधोमध मोडली. मास्तरांनी तुकडे खिडकीत ठेवले. "जा वर्गात."

"सर, एक राहिली."

मास्तर हसले. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तोही हसला. आमच्या घरात तो असा हसलेला मला आठवत नव्हता. "नवी छडी आण, मग बघू," मास्तर म्हणाले.

मी अधेली उचलून बाहेर आलो. शिपाई मागून आला. "कारकूनसायेब, पोरगं लई इमानी हाय तुमचं. दुसरं आसतं तर पळालं आसतं!"

इमानी खरंच. मोजणीत लबाडी करायची नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. ते त्याने खर्चलं कुठे, तर त्या माणसापुढे.

संध्याकाळी विचारलं, "पैसे मी देत होतो ना? मग मार का खाल्लास?"

"दादा, दंड भरणाऱ्या पोराशी सर महिना महिना बोलत नाहीत. छडी खाल्ली की संपलं. दुसऱ्या दिवशी तेच शेजारी बसवून गणित सांगतात."

"गणित मीही सांगतो."

रोज रात्री मी त्याला व्याजाची उदाहरणं घालत असे आणि तो जांभया देत असे. त्या सहामाहीत त्याला गणितात एकोणसत्तर गुण पडले होते. ते कोणाचे, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

रविवारी तो पाटाच्या कडेला गेला आणि निरगुडीचा सरळ फोक तोडून आणला. साल काढली, गाठी घासल्या, माझ्याच घरातलं करडईचं तेल चोळलं. खाटेची नवार ओढून दे म्हणून मी तीन आठवडे सांगत होतो. त्याच सैल नवारीत बुडून मी तेल चोळणं बघत होतो.

बायको म्हणाली, "अहो, सवत आली असती तरी मी इतकी जळले नसते."

"मी जळत नाही. तेल किती संपलं ते बघतोय."

सोमवारी तो शाळेतून आल्याबरोबर विचारलं, "सहावी दिली का?"

"नाही. सरांनी छडी ठेवून घेतली आणि पाठीवर थाप मारली."

मला वाटलं, त्यापेक्षा छडी दिली असती तर बरं झालं असतं. ही थाप माझ्या मनात कितीतरी दिवस राहिली. आमच्या घरी बाप मुलाच्या पाठीवर हात ठेवत नसे. मारायला नाही आणि थोपटायलाही नाही.

ती अधेली मी खर्च केली नाही. पेटीच्या कप्प्यात वेगळी ठेवली.

मुलगा मॅट्रिकला असताना त्या मास्तरांची बदली झाली. निरोपाच्या उपरण्यासाठी तो वर्गणी मागायला आला. "किती?" म्हटलं. "आठ आणे," तो म्हणाला.

मी पेटी उघडली. सहा आणेच द्यावेत, असंही मनात आलं, ते लपवत नाही. पण मी तीच अधेली काढली. मग पाटीवर हिशेब केला. सहा छड्यांचे आठ आणे, आणा बारा पैंचा, तर एकीचे एक आणा चार पै. तेवढे सुटे वेगळे मोजून त्याच्या हातावर ठेवले.

"दादा, हे जास्तीचे कशाचे?"

"राहिलेल्या एका छडीचे. त्यांना सांग, आता तुझ्याकडे त्यांचं काही राहिलं नाही."

त्याने पैसे पुन्हा एकदा मोजले आणि मुठीत धरले. "हे मी त्यांना सांगणार नाही, दादा," तो म्हणाला. "पैसे देतो."

दिले एकूण नऊ आणे चार पै. मुलाच्या हस्ते, मास्तरांना.