विमानाचं तेल
पेट्रोलचा वास आला की पेडगावचा तो शेतकरी आठवतो. निजामाच्या राज्यात, युद्धाच्या काळात, त्याच्या ज्वारीत सरकारी विमान उतरलं होतं. गळणारं तेल त्याने भरून नेलं आणि पोलिसांच्या भीतीने घागर घेऊन परभणीला आमच्या वकिलांकडे आला. मी त्यांचा मुन्शी. "साहेब, परत दिलं तर जेल टळंल का?" वकिलांनी आधी हातातली विडी चहात विझवली. "अजून आहे?" "रांजणभर हाय, चुलीपाशी." टांग्यातून पेडगावला जाताना वाटभर आम्ही गावावर धूर दिसतो का, ते पाहत होतो. त्याची बायको घरात दार लावून बसली होती. "पोलिसांला घर रिकामं वाटावं म्हून चूलच पेटवली न्हाई. लेकरं उपाशी हायत." पेट्रोल पंपावर आजही माझी नजर आधी विस्तव शोधते.